आधी लिहिणाऱ्याचं नाव वाच

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला आणि सोबतची यादीही पाहिली. कुर्ल्याच्या अभ्यासिकेत आठवी ते बारावीच्या मुलांसाठी एक कपाट, हाताशी पाच हजार रुपये, आणि इंटरनेटवरून जमवलेली तीस ‘डायव्हर्स यंग अ‍ॅडल्ट’ पुस्तकांची नावं, म्हणजे वेगवेगळ्या समाजांतल्या किशोरवयीनांच्या गोष्टींची. त्यातली सव्वीस अमेरिकेतली. सात आणून ठेवलीस, दोन महिन्यांत एकही घरी गेलं नाही. आता विचारतेस की पुस्तकं चुकली की मुलांना वाचायचंच नाही.

मुलांचा काही दोष नाही. पुस्तकंही वाईट नाहीत, त्यातली दोनतीन तर फार चांगली आहेत. पण तू पुस्तकं शोधत बसलीस. शोधायचे असतात लेखक. पुस्तकाचं नाव दुसऱ्याच्या यादीतून येतं आणि तिथेच थांबतं. लेखकाच्या नावामागून गेलं की तो कुठून आला, त्याने आणखी काय लिहिलं, कुणी छापलं, कुणी अनुवाद केला, असे चार रस्ते फुटतात. म्हणून या पत्रात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आधी लिहिणाऱ्याचं नाव वाच.

हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचं कोऑपरेटिव्ह चिल्ड्रन्स बुक सेंटर १९८५पासून मुलांच्या पुस्तकांची मोजदाद करतं. त्या वर्षी तिथे छापलेल्या सुमारे २५०० पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची निघाली फक्त १८. ते केंद्र आजही दोन आकडे वेगळे मांडतं: एखाद्या समाजाबद्दलची पुस्तकं किती, आणि त्या समाजातल्या माणसांनी लिहिलेली किती. तुझ्या यादीवरही हे दोन रकाने आख. पहिला भराभर भरेल. दुसरा भरताना हात थांबेल, आणि तिथूनच खरं काम सुरू होतं.

पण नाव वाचणं म्हणजे चौकशी करणं नव्हे, हे इथेच ऐकून ठेव. २०१५मध्ये कोरिन डायव्हिस या डच लेखिकेने ‘ओनव्हॉइसेस’ हा हॅशटॅग सुचवला, म्हणजे पात्र ज्या समाजातलं, लेखकही त्यातलाच. सोय चांगली होती. पुढे प्रकाशकांनी तो जाहिरातीचा शिक्का केला आणि वाचक लेखकांकडे दाखले मागू लागले. समलिंगी मुलाची प्रेमकथा लिहिणाऱ्या बेकी अल्बर्टाली यांना ‘तुम्हाला काय अधिकार’ असं इतकं विचारलं गेलं, की २०२०मध्ये त्यांना स्वतःची लैंगिक ओळख मनाविरुद्ध जाहीर करावी लागली. ‘वुई नीड डायव्हर्स बुक्स’ या संस्थेने २०२१मध्ये ती संज्ञा वापरणं बंद केलं. तेव्हा लेखकाने स्वतःहून जे सांगितलं आहे तेवढंच वाच. त्यापलीकडे खणत जाऊ नकोस.

ते कुठे सांगितलेलं असतं? मुखपृष्ठावर नाही. पुस्तक हातात घेतलंस की मलपृष्ठावरचा गौरवाचा मजकूर सोडून दे आणि आतलं श्रेयाचं पान उघड. पहिली आवृत्ती कुठल्या सालची, मूळ भाषा कोणती, अनुवाद कुणाचा, हे सगळं तिथे असतं. मग शेवटचा ऋणनिर्देश काढ. एखाद्या आदिवासी मुलीची गोष्ट असेल आणि ऋणनिर्देशात एजंट, संपादक, मित्रमंडळी सगळी असून त्या पाड्यावरचं एकही नाव नसेल, तर पुस्तक परत ठेवू नकोस, पण सावध वाच. मग मधलं कुठलंही पान उघड आणि बोलतं कोण कसं ते बघ. निवेदन प्रमाण भाषेत, नायकाच्या घरचे प्रमाण भाषेत, आणि बोली फक्त कामवालीच्या नि वॉचमनच्या तोंडी, तीही हसवण्यापुरती, असं दिसलं की लेखक कुठे उभा राहून बघतोय ते कळतं. याच्या उलट प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ उघड. त्यातल्या लंपन या मुलाच्या निवेदनातच बेळगावकडची कानडी वळणाची मराठी आहे. तिचं स्पष्टीकरण नाही, तिच्याबद्दल संकोचही नाही. तुझ्याकडे येणारी निम्मी मुलं घरी एक मराठी आणि शाळेत दुसरी मराठी बोलतात. हे त्यांना पहिल्या पानावर ओळखू येतं, सांगावं लागत नाही.

बाहेरच्याने लिहिलेलं टाकून द्यायचं, असाही अर्थ काढू नकोस. सिद्धार्थ शर्मा हे पत्रकार. ‘द ग्रासहॉपर्स रन’ (२००९) ही त्यांची कादंबरी दुसऱ्या महायुद्धातल्या नागा मुलुखात घडते. तिला २०११चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ‘इयर ऑफ द वीड्स’ (२०१८) ओडिशातल्या कोरोक नावाच्या गोंड मुलाची आहे. त्याच्या गावाखालच्या बॉक्साइटवर कंपनीचा डोळा आहे. शर्मा गोंड नाहीत, पण हे पुस्तक मी तुझ्या कपाटात हक्काने ठेवीन. लेखक कुठून बघतोय हे माहीत असलं, की त्याला काय दिसतं आणि काय दिसू शकत नाही या दोन्हींवर मुलांशी बोलता येतं.

आता मराठी. माझी खरी खंत इथे आहे. आपल्याकडे ‘किशोर’ मासिक आहे, १९७१पासूनचे त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन मोफत ठेवले आहेत, मुलांना ते जरूर दाखव. पण सातवी-आठवीनंतर मूल एकदम मोठ्यांच्या कपाटासमोर उभं राहतं. पंधरा ते अठरा हा टप्पा मराठी प्रकाशनाने कधी आपला म्हटलाच नाही. म्हणून ‘यंग अ‍ॅडल्ट’ असं लिहिलेलं शोधशील तर हाती फारसं लागणार नाही. लेखकाच्या नावाने शोधशील तर ते इतकं आहे की पाच हजार पुरणार नाहीत. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) मुंबईतल्या कावाखाना या वस्तीत वाढणाऱ्या मुलाचं आहे. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ (१९८०) आणि आनंद यादवांचं ‘झोंबी’ (१९८७) ही शाळेसाठी झगडणाऱ्या पोरांचीच पुस्तकं आहेत. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. यातलं कुठलंही पुस्तक तुझ्या यादीत नव्हतं, आणि तू दादर-कुर्ला करणारी मुलगी आहेस!

अनुवादकाचं नावही लिहिणाऱ्याचंच नाव समज. ‘बलुतं’ इंग्रजीत नेलं जेरी पिंटो यांनी. तेच नाव धरून पुढे गेलीस की ‘कोबाल्ट ब्लू’ सापडतं, मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ सापडतं, एकनाथ आवाडांचं ‘जग बदल घालुनी घाव’ सापडतं. माया पंडित यांचं नाव धर: बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’, दोन्हींचे इंग्रजी अनुवाद त्यांचेच. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ही पुस्तकं इंग्रजीत दे आणि मूळ मराठी शेजारी ठेव. काही मुलं दोन्ही उघडून बघतात.

बेबी कांबळे आणि ऊर्मिला पवार ही जोडी मुद्दाम सांगितली. एका समाजाचं एकच पुस्तक कधीही ठेवू नकोस. एकच असलं की ते पुस्तक राहत नाही, त्या समाजाचं प्रमाणपत्र होऊन बसतं. कमीत कमी दोन लेखक ठेव, वेगळ्या स्वभावाचे. फलटणकडचं जगणं सांगणारी एक बाई आणि कोकणातून मुंबईला आलेली दुसरी बाई, दोघींचा राग वेगळा आणि दोघींचं हसूही वेगळं. शिवाय दलित मुलाच्या हाती फक्त हालअपेष्टा आणि सवर्ण मुलाच्या हाती साहसकथा, ही वाटणी तुझ्या कपाटात होऊ देऊ नकोस. बिजल वच्छराजानींची ‘अ क्लाउड कॉल्ड भुरा’ (२०१९) घे. मुंबईवर एक तपकिरी ढग येऊन बसतो आणि मुलं त्याच्या मागे लागतात. झैनब सुलेमान यांचं ‘सिंपली नांजू’ घे. ते अपंग मुलांच्या शाळेत घडतं, पण चालवतात ते मैत्रीतले हेवेदावे. तुझ्याकडे इंग्रजी अडखळत वाचणारी मुलं आहेत, त्यांना साडेतीनशे पानी ठोकळा देऊ नकोस. दोनशे पानांच्या आतलं दे. तुझ्या सातपैकी पाच ठोकळे होते. पहिल्या दहा पानांत अमेरिकन शाळेतले प्रॉम (नाचाचा समारंभ), लॉकर आणि एसएटी (कॉलेजप्रवेशाची परीक्षा) येतात, आणि मूल तिथेच पुस्तक मिटतं.

एक ताकीद. ‘अक्करमाशी’, ‘कोल्हाट्याचं पोर’ यांसारख्या पुस्तकांत लैंगिक शोषण उघडपणे येतं. ती तू स्वतः शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कपाटात जाता कामा नयेत, आणि सोळाच्या खालच्या मुलाला तू सोबत असल्याशिवाय देऊ नयेत. न वाचता ठेवलेल्या पुस्तकाची जबाबदारी घेता येत नाही, आणि पालक विचारायला आले की उत्तर तुलाच द्यायचंय.

खरेदीला मध्य रेल्वेने परळला उतर आणि स्टेशनच्या पादचारी पुलावरून प्रभादेवीला ये. मुलांच्या इंग्रजी पुस्तकांसाठी कहानी ट्री तिथेच आहे, आणि भूपेश गुप्ता भवनात लोकवाङ्मय गृह. दुकानात शिरल्यावर ‘डायव्हर्स काय आहे’ असं विचारू नकोस, समोर चकचकीत ढीग येईल. लेखकाचं नाव सांग आणि विचार, ‘यांचं आणखी काय आहे?’ डिसेंबरात चैत्यभूमीसाठी शिवाजी पार्कला लागणारे पुस्तकांचे स्टॉल चुकवू नकोस. ५ तारखेला सकाळी गेलीस तर उभं राहून चाळता येतं, ६ तारखेला गर्दीत ते शक्य नाही. सुटे पैसे ने, आणि खांद्याला लावायची मजबूत पिशवी. जाड ग्रंथांच्या बाजूला पातळ पुस्तिका असतात, त्यांवर अशी नावं दिसतील जी कुठल्याच यादीत नसतात. ती वहीत उतरवून घे.

किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर जुनी घेताना शेवटची सोळा पानं आहेत का ते बघ, सोळा पानांचा एक गठ्ठा, म्हणजे फॉर्म, गळालेला असतो. छापील अक्षर शिवणीकडे तिरकं जात असेल, मुखपृष्ठ धूसर आणि कागद करडा असेल, तर ती चोरटी प्रत आहे. घेऊ नकोस. लेखकाला छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास मिळतात, बरेचदा त्याहून कमी. चोरट्या प्रतीत काहीच नाही. ज्याचं नाव आपण वाचायला शिकतोय, त्याच्याच हातचं काढून घ्यायचं?

पाच हजारांपैकी चार हजारच खर्च कर, त्यात सोळा ते अठरा पुस्तकं येतील. हजार राखून ठेव. तीन महिन्यांनी जे फाटेपर्यंत वाचलं गेलं असेल, त्याची दुसरी प्रत आणि त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक त्यातून घे.

मांडणीबद्दल मी हट्टी आहे, आणि राहणार. ‘दलित साहित्य’, ‘एलजीबीटी’, ‘अपंगत्व’ अशा चिठ्ठ्या कपाटाला लावल्यास म्हणतेस. आजच काढ. ज्या मुलाला ‘कोबाल्ट ब्लू’ची सगळ्यात जास्त गरज आहे, तो चार मित्रांसमोर त्या चिठ्ठीखाली हात घालेल असं वाटतं तुला? लेखकाच्या आडनावाने अकारविल्हे लाव. सगळ्या पुस्तकांना एकसारखं खाकी कव्हर घाल, पाठीवर मोठ्या अक्षरात आधी लेखकाचं नाव, खाली पुस्तकाचं. आणि रजिस्टरमध्ये नोंद न करता तिथेच बसून वाचायची मुभा ठेव. नोंदवही आईवडिलांच्या हाती पडू शकते. ही भीती काल्पनिक नाही, आणि तुझ्याकडची मुलं ती बोलून दाखवणार नाहीत.

तू म्हणशील, यादी मागितली तर मॅडमनी शिकवणीच लावली. पक्की यादी मी बसल्या जागी देऊ शकते. देणार नाही. ती माझ्या वाचनाची होईल, माझ्या जातवर्गाची आणि वयाची होईल, आणि दोन वर्षांत शिळी होईल. वर जी नावं आली ती सुरुवात करण्यापुरती. पुढची तू काढायचीस, आणि मुलांनी तुला सांगायचीत.

फेब्रुवारीअखेर नोंदवहीच्या दोन पानांचे फोटो पाठव, मुलांची नावं झाकून. कुठल्या लेखकाकडे मुलं परत गेली ते बघू आणि राखलेल्या हजाराचं तेव्हा ठरवू.

तुझी,
मॅडम