थीम पार्कच्या सहलीत टाच दुखू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं टाच ठणकते, मग बरं वाटतं, आणि पुढच्या महिन्यात तीन दिवस थीम पार्क आहे. हे लक्षण बहुतेकदा तळव्याच्या पट्ट्याला (प्लांटार फॅशिया) सूज असल्याचं असतं. रात्रभर तो पट्टा आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो.

म्हणून उठायच्या आधीच, पलंगावर बसूनच, टॉवेल चवड्याला अडकवून पाऊल स्वतःकडे ओढा. ३० सेकंद, तीनदा. हे आजपासूनच सुरू करा, तिथे पोचल्यावर नाही.

सहलीसाठी नवे कोरे बूट घेणं ही सगळ्यात मोठी चूक, मीही केली आहे. दुपारपर्यंत टाचेला फोड आणि संध्याकाळी बाकावर बसून इतरांच्या पिशव्या सांभाळणं! घ्यायचेच असतील तर आत्ता घ्या आणि दोन आठवडे घालून फिरा. सपाट चपला नकोत. हॉटेलच्या फरशीवरही अनवाणी चालू नका.

पार्कात चालण्याइतकंच रांगेत उभं राहणं भोवतं. अधूनमधून टाचा उचला आणि दुपारी तासभर खोलीवर जाऊन पाय वर करून पडा. रात्री गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून तळव्याखाली दहा मिनिटं फिरवा. व्हीलचेअर भाड्याने मिळत असेल तर लाजू नका.

पायाला मुंग्या येत असतील किंवा टाच टेकवतच नसेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.