तो मोकळा झाला, तर?

डिसेंबर उजाडला, की पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत परदेशाहून सुटीवर आलेल्या मुलामुलींची आणि त्यांच्या आईवडिलांची वर्दळ सुरू होते. गेल्या काही वर्षांत या भेटींमध्ये एक प्रश्न इतक्या वेळा कानावर पडला आहे, की समोरचे माणूस खुर्चीत टेकण्याआधीच मला तो ओळखू येऊ लागला आहे. ज्याच्याशी लग्न करायचे आहे, त्याच्याकडे तिथे राहण्याचे वैध कागद उरलेले नाहीत. मग त्याला आपली मुलगी हवी आहे की तिचा पासपोर्ट, हे ओळखायचे कसे? कधी मुलगी विचारते, कधी आई. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणला होता, कारण मुलीसमोर तो त्यांना तोंडाने विचारवत नव्हता. या प्रश्नाचे जे उत्तर मी आज देते, ते मला एका मुलीबरोबर काम करताना सापडले. तिच्या परवानगीने, नावे आणि ओळखीचे तपशील बदलून, ते इथे मांडते आहे.

मृणाल अडतीस वर्षांची, न्यू जर्सीत राहणारी, अमेरिकेची नागरिक. पहिले लग्न सहा वर्षांत संपले. एका शनिवारी नवऱ्याने दोन बॅगा भरल्या आणि तो निघून गेला. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी तिला नितीन भेटला. तोही पुण्याचाच, नारायण पेठेतला. २०१३ साली एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसावर तो तिकडे गेला, पुढे नोकरी गेली, मुदतवाढीचा अर्ज नामंजूर झाला आणि घरच्यांना तोंड कसे दाखवायचे या विवंचनेत त्याने परतीचे तिकीट काढले नाही. तेव्हापासून एका दुकानाचे हिशेब लिहून तो राहत होता.

पहिल्या भेटीला मृणालबरोबर तिच्या आई, सुमनताई, आल्या होत्या. त्यांचे म्हणणे सरळ होते.

"लग्न पुण्यात करू म्हटलं, तर येत नाही म्हणतो. ज्याला आमच्या दारात येऊन उभं राहायचं नाही, त्याला जावई कसं म्हणायचं?"

"येत नाही असं नाही गं आई. येऊ शकत नाही."

"तेच ते."

ते तेच नव्हे, हे आधी समजून घेतल्याशिवाय पुढची एकही गोष्ट बोलता येणार नव्हती. कायद्याचा सल्ला देणे हे माझे काम नाही आणि अशा जोडप्यांना मी नेहमी सांगते, की पहिली भेट तिथल्या इमिग्रेशन वकिलाची घ्या आणि दुसरी माझी. मृणाल तसे करूनच आली होती. १९९६ साली अमेरिकेत झालेल्या कायद्यानुसार, मुदत संपल्यावर सलग वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ बेकायदा राहिलेला माणूस देश सोडून बाहेर पडला, की त्याला दहा वर्षे परत प्रवेश मिळत नाही. मुक्काम १८० दिवसांहून जास्त पण वर्षाहून कमी असेल, तर ही बंदी तीन वर्षांची असते. म्हणजे बंदी लागू होते ती देश सोडण्याने. याउलट, जो रीतसर व्हिसावर, विमानतळावर तपासणी होऊन आत आला होता, त्याने अमेरिकी नागरिकाशी खरेखुरे लग्न केले, तर मुदत उलटून गेलेली असली तरी तिथेच राहून त्याला ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. जोडीदार नागरिक नसून केवळ ग्रीन कार्डधारक असेल, तर ही सवलत मिळत नाही. तपासणी चुकवून सीमा ओलांडलेल्यांची वाट तर फारच बिकट असते. नितीनची वाट खुली होती. मात्र तो पुण्याच्या विमानात बसला असता, तर ती त्याच क्षणी बंद झाली असती.

सुमनताईंना हे पटले असे म्हणता येणार नाही. त्या म्हणाल्या, "आईबापांसाठी माणूस जिवावर उदार होऊन येतो." तेव्हा मृणालने एक प्रसंग सांगितला, जो तिने तोवर घरी सांगितला नव्हता. नितीनचे वडील गेले तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीत अग्नी धाकट्या भावाने दिला. दहाव्या दिवशी ओंकारेश्वराजवळच्या घाटावर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. चुलतभाऊ हात उंच करून फोन धरून उभा होता आणि पलीकडे, तिथल्या मध्यरात्री, नितीन पडद्यावर पाहत होता. जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "अण्णा मोठ्याची वाट बघतायत." ते फोनमधून त्याला स्पष्ट ऐकू गेले. तासाभराने गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. "त्या रात्री तो माझ्याशी काही बोलला नाही, आई. नुसता बाथरूममध्ये नळ सोडून बसला होता."

सुमनताईंनी पर्स उघडून पुन्हा बंद केली. "हे आधी सांगायचंस," एवढेच त्या म्हणाल्या. पुढच्या भेटींना मृणाल एकटीच आली.

एकटी आल्यावर मात्र तिने आईचाच प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारला. नितीनच्या बाजूने बोलणारे सगळे पुरावे तिच्याजवळ तयार होते. कागदांची स्थिती त्याने दुसऱ्याच भेटीत स्वतःहून सांगितली होती, लग्नाचा विषय तिने काढला होता, आणि "अडीच वर्षांत आमचं एकदाही भांडण झालेलं नाही, मॅडम," हे तर ती अभिमानाने सांगत असे. तरीही शंका हटत नव्हती. जी शंका पुराव्याने हटत नाही, ती बहुतेक वेळा समोरच्या माणसाविषयीची नसतेच, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

चौथ्या भेटीत मी तिला विचारले, "समज, उद्या सकाळी नितीनला दुसऱ्याच कुठल्या मार्गाने ग्रीन कार्ड मिळालं. तुझ्या नागरिकत्वाची त्याला गरजच उरली नाही. तर तू लग्नाची तारीख काढशील की पुढे ढकलशील?"

ती 'काढीन' म्हणेल आणि आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळू, अशी माझी अपेक्षा होती. टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यावर फुलपात्र उपडे घातलेले होते. ते नीटच बसलेले असूनही ती ते पुन्हा पुन्हा नीट बसवत राहिली. मग म्हणाली, "पुढे ढकलीन."

"का?"

"कारण मग तो मोकळा झाला. मोकळा माणूस निघून जातो."

"आणि आज?"

"आज तो कुठे जाणार आहे?"

स्वतःचे वाक्य तिला स्वतःच्याच कानांनी ऐकू आले असावे. हात फुलपात्रावर तसाच राहिला. "मॅडम, मी हे काय बोलले?"

अशा वेळी 'असं वाटणं साहजिक आहे' म्हणून पाठीवर हात फिरवण्याचा मोह प्रत्येक समुपदेशकाला होतो. तो मी आवरला. इतक्या वर्षांच्या कामात मी पुष्कळ बोलले आहे, पण त्या दुपारी ती तीन-चार मिनिटे मी गप्प राहिले, हे मी केलेल्या चांगल्या कामांपैकी एक आहे, असे मला आजही वाटते. तिला जे दिसत होते ते तिचे तिनेच पाहायला हवे होते. तो आपल्या कागदांसाठी आपल्याजवळ आहे का, ही शंका ती इतके दिवस उगाळत होती. प्रत्यक्षात त्याच्याजवळ कागद नाहीत, याचाच तिला आधार वाटत होता. एक नवरा दोन बॅगा घेऊन निघून गेला होता. दुसऱ्याला बॅग भरताच येणार नव्हती.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली आहे, आणि मराठी भाषेने आम्हा या वाटेच्या लोकांना, इच्छेचा हट्ट कुठे होतो ते दाखवणारे, 'च' नावाचे एक फार सोयीचे अक्षर दिले आहे. त्या भेटीच्या शेवटी मृणालच्या मनात दडलेले वाक्य तिनेच कागदावर लिहिले: 'मला सोडून जाणं त्याला शक्य नसलंच पाहिजे.' त्यातला 'च' काढून ते पुन्हा लिहायला मी सांगितले, तेव्हा तिने बराच वेळ घेऊन लिहिले, 'त्याने मला सोडून जाऊ नये, असं मला फार फार वाटतं.' पहिले वाक्य नितीनला ऐकवण्यासारखे नव्हते, दुसरे होते. मी तिला दोन्ही ऐकवायला सांगितली.

आठ दिवसांनी ती आली ती काहीशी हबकलेली होती. नितीनने सारे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले, की हे त्याला कुठेतरी जाणवत होतेच. आणि त्यालाही एक गोष्ट कबूल करायची आहे. वाद होण्याचे चिन्ह दिसले, की चूक कोणाचीही असो, तो आधी माफी मागून मोकळा होत असे. ती रागावली, तिने नाद सोडला, तर आपले काय होईल, ही भीती त्याच्या मनातून अडीच वर्षांत एक दिवसही गेली नव्हती. "म्हणजे आमचं भांडण झालं नाही, ते यामुळे," ती म्हणाली आणि रडली. त्या आठवड्यात त्यांचे पहिले भांडण झाले. विषय होता ती सुटीला एकटीच पुण्याला निघून आली हा; त्याने माफी मागितली नाही, आणि तिने ते मला सांगितले तेव्हा मला झालेला आनंद मी लपवला नाही.

म्हणून, 'ओळखायचे कसे' असे विचारणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे असते, की तो तुमच्याशी भांडतो का ते पाहा. कागद नसलेला जोडीदार सतत नमते घेत असेल, तर त्याला शांत स्वभाव समजून निर्धास्त होऊ नका. तो घाबरलेला असू शकतो, आणि घाबरलेल्या माणसाचा होकार हा होकार नसतो. त्याला गरज आहे म्हणून तो खोटा ठरत नाही. आपल्याकडे ठरवून झालेल्या लग्नांतही घर, नोकरी, म्हातारपणाचा आधार या गरजा बोलण्यात असतातच. फरक इतकाच, की त्या उघड मांडल्या जातात. ही गरजही तशीच उघड मांडली गेली, तर तिचे विष पुष्कळसे उतरते.

दुसरी गोष्ट सहीची. अर्जासोबत नागरिक जोडीदाराला आय-८६४ नावाचे आर्थिक हमीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि ती जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावावर साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत ती सहसा कायम राहते. ही सही प्रेमाच्या भरात करू नये आणि शंकेच्या भरात टाळूही नये. एकत्र बसून, प्रत्येक कलम वाचून करावी. कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर पहिले कार्ड दोन वर्षांचेच, सशर्त मिळते, आणि ती अट काढण्यासाठी साधारणपणे दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. या काळात भांडणात 'तुझा अर्ज मागे घेते' हे वाक्य एकदा जरी उच्चारले, तरी ते घरातून पुन्हा बाहेर काढता येत नाही. मी जोडप्यांकडून याविषयी समोरासमोर शब्द घेते.

केवळ कागदांसाठी केलेले लग्न हा तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, म्हणून कित्येक प्रामाणिक जोडपीही ग्रीन कार्डाच्या मुलाखतीच्या धास्तीने फोटो आणि पावत्या जमवत बसतात. घरभाड्याच्या करारावर दोघांची नावे, सामाईक बँक खाते, विमा, हे संसारातून आपोआप तयार होते; ते जरूर जपून ठेवा, पण परीक्षेसाठी संसार करू नका. वकिलापासून मात्र काहीही लपवू नका. नोकरी मिळवण्यासाठी कधी एखाद्या अर्जावर स्वतःला अमेरिकी नागरिक म्हणून नोंदवले असेल, तर ही एकच गोष्ट सगळी वाट कायमची अडवू शकते, आणि नेमकी तीच सांगायची लाज वाटते.

पुण्यातल्या आईवडिलांना एवढेच सांगणे, की लग्न इथे होणार नाही, हा तुमचा अपमान नाही. कार्ड हाती येईपर्यंत त्याला देश सोडायला लावू नका, कोणी आजारी पडले तरी. हे लिहिताना मला किती जड जाते, ते मला ठाऊक आहे.

मृणाल जानेवारीत परत गेली. न्यू जर्सीत विवाहाचा परवाना अर्जानंतर ७२ तासांनी मिळतो. त्यांनी मात्र मेपर्यंत थांबायचे ठरवले, आधी काही महिने एका घरात राहून नीट भांडायला शिकायचे म्हणून. प्रतिज्ञापत्र तिने त्याला मोठ्याने वाचून दाखवले आणि मग सही केली. तिथल्या सकाळी अकराला नोंदणी झाली, तेव्हा इथे रात्रीचे साडेआठ वाजले होते. सुमनताई अक्षता घेऊन नारायण पेठेत नितीनच्या आईच्या घरी गेल्या होत्या. वाड्यात नेटवर्क नीट मिळत नव्हते, म्हणून फोन उंच धरून कोणाला तरी खिडकीत उभे राहावे लागले. तो तोच चुलतभाऊ होता.