शिसपेन्सिलीतले शिसे

दाविद आणि आंग्र या नवअभिजात फ्रेंच चित्रकारांवरील एका लेखात ‘शिसपेन्सिलीने केलेले कच्चे रेखाटन’ असे शब्द आले आहेत. पेन्सिलीत शिसे नसताना ते चालतील का, असा प्रश्न विचारला गेला आहे.

शिसपेन्सिल खुशाल चालेल. ‘पेन्सिलीत शिसे नसतेच मुळी’ हे वाक्य जो तो नवा शोध लागल्याच्या थाटात ऐकवतो, त्याचा आता वीट आला आहे. पेन्सिलीत असते ते ग्राफाइट हा कार्बनचाच प्रकार असल्याचे शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1779 मध्ये दाखवले. तरीही आंग्रच्या रेखाचित्रांखाली फ्रेंच लोक ‘मिन द प्लों’, म्हणजे शब्दशः ‘शिशाचे खनिज’, असेच लिहीत आले. मराठीत तर पाटीवरच्या पेन्सिलीपासून हिला वेगळे ओळखायला हा शब्द हवाच. शुद्धीच्या हौसेने ‘ग्राफाइटलेखणी’ सुचवणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की ‘ग्राफाइट’ हे नावच ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आले आहे. म्हणजे त्यांनी घडवली ती लिहिण्याची लेखणी.

खरी गंमत आहे ती ‘पेन्सिल’मध्ये. पेन आणि पेन्सिल ही सख्खी भावंडे असल्याचे सर्रास सांगितले जाते, ते साफ चूक आहे. पेन आले लॅटिन ‘पेन्ना’ म्हणजे पिसावरून. पेन्सिल आली ‘पेनिकिल्लुस’वरून, ज्याचा मूळ अर्थ इवलीशी शेपटी आणि त्यावरून कुंचला. कुंचल्यासारखी दिसणारी बुरशी ती पेनिसिलियम, म्हणून पेनिसिलिनही याच कुळातले. फ्रेंचांनी हा शब्द ‘पँसो’ या रूपात कुंचल्यापाशीच ठेवला, इंग्रजांनी मात्र तो हळूहळू शिसकांडीला देऊन टाकला. त्यामुळे अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकार रेनल्ड्सच्या व्याख्यानांत भेटणारी चित्रकाराची ‘पेन्सिल’ मराठीत शिसपेन्सिल करणारा अनुवादक रंगचित्राचे बसल्या जागी रेखाचित्र करून टाकतो, आणि ही चूक ‘शिशा’च्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

राहिले ‘कच्चे’, ते मात्र काढावे. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या टेनिस कोर्टवरील शपथेचे दाविदचे चित्र अपुरे राहिले. व्हर्सायच्या त्या कॅनव्हासवर नग्न देह नेमक्या रेषांनी आखलेले आहेत आणि मोजकीच मस्तके रंगवलेली आहेत, कारण आधी देह बिनचूक काढायचा आणि मग त्यावर कपडे चढवायचे, ही फ्रेंच कला अकादमीची शिस्त होती. कागदावर ठरलेली आकृती मोठी करून उतरवण्यासाठी तिच्यावर चौकटी आखत. इतक्या पक्क्या कामाला ‘अभ्यासचित्र’ म्हणावे. कल्पना सुचताच घाईने खरडलेल्या पहिल्या आराखड्याला ‘कच्चा’ म्हटले, तर माझी हरकत नाही.