तोंडात एकाच वेळी तीन सॅक्सोफोन घेणारा अंध जॅझ वादक कोण? तो फ्लूटही वाजवायचा का?

तो राहसान रोलँड कर्क. जन्म १९३५, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कोलंबस. दोन वर्षांचा असतानाच दृष्टी गेली.

तीन वाद्यं म्हणजे टेनर सॅक्सोफोन आणि मान्झेलो व स्ट्रिच ही सॅक्सच्याच घराण्यातली दोन जुनी, विस्मरणात गेलेली भावंडं. तिन्ही गळ्यात अडकवलेली, तिन्हींची तोंडं ओठांत. लोकांना ही सर्कस वाटायची, पण ऐकलंत तर कळेल की एकटा माणूस सॅक्सोफोनवाल्यांच्या अख्ख्या ताफ्यासारखे सूर रचतोय. शिवाय श्वास तुटत नाही: गालातली हवा बाहेर ढकलता ढकलता नाकाने आत घ्यायची, गारुडी पुंगी वाजवतो तशी.

फ्लूट तर माझ्या मते त्याहून भारी. फुंकताना तो त्यातच गुणगुणायचा, ओरडायचा. त्यामुळे सुराला खरखरीत किनार यायची. ‘आय टॉक विथ द स्पिरिट्स’ हा अख्खा अल्बम फ्लूटवर आहे. जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या इयन अँडरसनने हीच ढब रॉकमध्ये नेली, आणि कर्कच्या त्या अल्बममधलं ‘सेरेनेड टु अ कुकू’ बँडच्या १९६८ च्या पहिल्या अल्बममध्ये वाजवलंही. संगीतकार क्विन्सी जोन्सच्या ‘सोल बोसा नोव्हा’ या धूनमधली फ्लूटही कर्कचीच, म्हणजे तुम्ही बहुधा त्याला न ओळखता ऐकलंय.

१९६१ मध्ये काही काळ जॅझ बासवादक चार्ल्स मिंगसच्या बँडमध्ये होता. १९७५ मध्ये पक्षाघाताने एक बाजू लुळी पडली. गड्याने वाद्यात फेरफार करून घेतले आणि एका हाताने वाजवत राहिला. डिसेंबर १९७७ मध्ये इंडियाना विद्यापीठात कार्यक्रम झाला, त्यानंतर दुसरा झटका आला आणि त्यातच तो गेला. वय ४२.