नर्सरीतून आणलेलं हीदर कुंडीत पिवळं पडतंय, कोणतं खत देऊ?

यवतमाळकडच्या खेड्यातून विचारलंय, म्हणून सरळ सांगतो: सध्या कोणतंच नको. आधी पानं बघा. कोवळी पानं पिवळी अन् शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह मिळत नाहीये. मोर्शी-वरुडकडं चुनखडीच्या वावरात संत्र्याची पालवी अशीच दिसते. खालची जुनी पानं आधी शिरांच्या मधे पिवळी पडली तर मॅग्नेशियम कमी, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) फक्त तेव्हाच. पिवळं दिसलं की मूठभर एप्सम ओता म्हणणाऱ्यांशी माझं आजवर पटलेलं नाही.

शिवाय ते हीदर नसावंच. खरं हीदर, म्हणजे कॅल्युना, स्कॉटलंडच्या थंड माळरानावरचं. पानं मोरपंखीसारखी खवल्यांची, माती आम्लधर्मी हवी, सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५, अन् मुळांचा गड्डा एकदा सुकला की झाड संपलं. आपल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात त्याचा नाद सोडा. इकडं 'मेक्सिकन हीदर' म्हणून मिळते ती कुफिया: बारीक टोकदार पानं, सहा पाकळ्यांचं इवलं जांभळं फूल. ती मेंदी, डाळिंब अन् मेळघाटातल्या धायटीच्या कुळातली, त्यामुळं टिकते. दुपारी मात्र हिरव्या जाळीची सावली द्या.

आता खरं दुखणं. काळी माती वावरात कितीही कसदार असो, कुंडीत ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते अन् मुळं तोडते. शिवाय तिच्यात चुना असतोच, अन् चुन्यात लोह अडकतं. १२ इंची कुंडीला २ भाग धुतलेलं कोकोपीट, १ भाग जाड रेती, १ भाग कुजलेला पालापाचोळा, अर्धा भाग जुनं शेणखत. रेतीवर व्हिनेगर टाकून बघा, फसफसली तर ती नको. चुलीची राखही नको, ती चुन्याच्याच वळणावर जाते.

पाणी बोअरचं असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसेल. त्याहून वाईट कूलरचं उरलेलं पाणी! 'वाया कशाला घालवायचं' म्हणून घरोघरी ते कुंडीत जातं, पण दिवसभर पाणी उडून क्षार खालीच घट्ट होत राहतात. ते अंगणात ओता. टिनावरचं पावसाचं पाणी, पहिली सर सोडून, ड्रममध्ये धरा अन् कुंडीला तेच द्या.

लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकू नका, चुन्यात ते लवकरच अडकून बसतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं, घ्या, लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी मुळाशी. ईडीटीएवालं स्वस्त पडतं, पण चुनखडीच्या मातीत टिकत नाही. आधी पिवळी झालेली पानं फारशी सुधारणार नाहीत, नवी पालवी हिरवी येते का ते बघा.

अन् हो, कुंडीचं भोक तुंबलं असेल तर मुळं कुजूनही असंच पिवळं दिसतं. हे सगळं करण्याआधी काडी घालून ते बघा.