बीसीजीच्या जागी पू आलाय, काय लावू?

दीड महिन्याच्या बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीच्या (क्षयाच्या लसीच्या) जागी फोड आलाय, त्यात पू दिसतोय, काय लावायचं, असं तुम्ही विचारलंय. काहीच लावू नका. मी बरीच वर्षं उपकेंद्रात एएनएम (नर्स) होते. दीड महिन्याच्या डोसला आलेल्या निम्म्या आया झबल्याची बाही वर करून हेच दाखवायच्या.

बीसीजीत दुबळे केलेले पण जिवंत जंतू असतात, आणि ते कातडीतच टोचायचे असतात. नवजात बाळाला फक्त ०.०५ मिली. त्या दिवशी मसुराएवढा फुगा येतो, थोड्या वेळात जिरतो. मग दोन-तीन आठवडे सगळं शांत. नंतर लालसर पुळी येते, वाढते, फुटते, खपली धरते, पुन्हा ओलावते. ६ ते १२ आठवड्यांत बुजून वण राहतो. आंघोळ नेहमीसारखी घाला, जागा टिपून घ्या. मालिश करताना तेवढा दंड सोडा. हळद, चुना, मलम, पिळणं, काही नको. (आजीला हे पटवणं सगळ्यात अवघड, ठाऊक आहे.)

लक्ष ठेवायचं ते डाव्या काखेवर. तिथे शेंगदाण्याएवढी टणक गाठ लागली तर बहुतेक वेळा ती आपोआप बसते. माझ्याच मुलाची मात्र वाढून मऊ पडली, वरची कातडी लाल झाली. एका दवाखान्यात चीर दिली आणि ती जखम तीन महिने ओघळत राहिली, रोज झबल्याला पिवळा डाग. अशी पिकलेली गाठ कापायची नसते, सुईने पू ओढून घेतात, हे मला नर्स असून तेव्हा माहीत नव्हतं.

सुई कातडीखाली खोल गेली तर दंडातच मोठं गळू होतं, तेही डॉक्टरांना दाखवा. तीन महिने उलटूनही जखम भरली नाही, वजन वाढत नाही, सारखे जंतुसंसर्ग होतात, किंवा आधीचं एखादं भावंड तान्हेपणी अशाच आजाराने गेलंय, तर लगेच बालरोगतज्ज्ञ गाठा आणि हे सगळं सांगा. प्रतिकारशक्तीत जन्मजात दोष असेल तर हीच लस अंगभर पसरू शकते. फार विरळ, पण गंभीर.

दीड महिन्याचा डोस यासाठी लांबवू नका. त्यातली पोलिओची सुई उजव्या दंडात देतात, बाकीच्या मांडीत. डाव्या दंडाला कुणी हात लावत नाही.