मानधन मागण्यात संकोच कसला?

प्रिय मैत्रिणी,

तू लिहितेस की पुण्यात बँकेची नोकरी सांभाळून गेली चार वर्षे तू मंचावर स्त्रीवादी कविता सादर करतेस, आईच्या स्वयंपाकघरातल्या कष्टांवरच्या कवितेची फर्माईश सर्वांत जास्त होते, आणि आता नोकरी सोडून हेच करावे असे तुला वाटते. मात्र गेल्या ८ मार्चला एका कार्यक्रमात साउंडवाल्याला पैशांचे पाकीट मिळाले आणि तुझ्या हाती तुळशीचे रोप ठेवण्यात आले.

त्या रोपापाशी मी बराच वेळ थांबले. बाईच्या श्रमांचे मोल कुणी केले नाही असे सांगणारी कविताच फुकट ऐकली जावी, याचा मला मनापासून राग आला. जात्यावर ओव्या रचणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना कुणी कवी म्हटले नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी उतरवून घेतल्या म्हणून त्यांच्या कविता टिकल्या आणि संग्रह निघाला तो १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. तुझ्या हाती लेखणी आहे, तेव्हा प्रत्येक कविता तारीख घालून लिहून ठेव. आमंत्रण आले की मानधन, प्रवासखर्च आणि चित्रीकरणाची परवानगी या गोष्टी आधीच लेखी ठरवून घे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३८ सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क देते, आणि काही अपवाद सोडता तुझ्या संमतीशिवाय तुझ्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करता येत नाही. आकडा सांगताना आवाज कापेल, तरी सांग. काही आमंत्रणे त्यामुळे परत जातील, ती जाऊ देत.

नोकरी मात्र एवढ्यात सोडू नकोस. कार्यक्रम, महाविद्यालयांतल्या कार्यशाळा आणि लेखन यांतून सलग वर्षभर घरभाडे आणि किराणा निघू लागला, की मग राजीनाम्याचा विचार कर.

राहिली आई. नातेवाइकांनी चित्रफीत दाखवल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘मला विचारले असतेस, तर खरे सांगितले असते.’ हे वाक्य तू पत्राच्या शेवटी घाईघाईने लिहिले आहेस. मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण तिची तक्रार कवितेबद्दल नाही, तिला न विचारल्याबद्दल आहे. पुढच्या कार्यक्रमाआधी घरी जा, ती भाजी निवडत असेल तेव्हा शेजारी बसून संपूर्ण कविता तिला वाचून दाखव आणि मग गप्प राहा. ती जे सांगेल ते लिहून घे. त्यातले मंचावर काय म्हणायचे, हे तिला ठरवू दे.

तुझी,
ताई